देवीच्या राईत पायवाट हवी, रस्ता नको

डिसेंबर उजाडला की आमच्या कोगनोळीच्या टोलनाक्यावर पोलिसांच्या गाड्या येऊन लागतात. बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, त्याला उत्तर म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा, आणि त्या मेळाव्याला दूधगंगेचा पूल ओलांडून कोणी जाऊ नये म्हणून हा बंदोबस्त. २०२२ च्या डिसेंबरात कोल्हापूरकडून निघालेल्या नेत्यांना इथंच अडवलं. घोषणा झाल्या, आम्ही चहाच्या टपरीवर उभे राहून बघत होतो. त्या सगळ्या गोंधळात एक नाव सारखं कानावर येत होतं, व्हॅक्सिन डेपो. महामेळाव्याचं मैदान.

सीमाभागातल्या माझ्यासारख्या कित्येकांना व्हॅक्सिन डेपो ठाऊक आहे तो एवढाच. मैदान, मंडप, भगवे झेंडे आणि परवानगी मिळणार की नाही याची चर्चा. मैदानाला लागून काय आहे, हे बघायला मला पंचेचाळिशी गाठावी लागली. तिथं रान आहे. टिळकवाडीसारख्या भरवस्तीत, शंभर एकरांहून मोठ्या आवारात, जुन्या झाडांचं दाट रान. आजवर आपण त्या मैदानासाठी पुष्कळ बोललो. आज मी रानासाठी बोलणार आहे, आणि तुम्हालाही बोलायला लावणार आहे.

दाजींची पाणंद

माझी थोरली बहीण टिळकवाडीत दिली आहे. गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला आक्काकडे मुक्कामी होतो. पहाटे साडेपाचला दाजींनी पांघरूण ओढलं. "ऊठ की. तुला आमची पाणंद दाखवतो." शहरात कसली आलीय पाणंद, म्हणून मी हसलो. आमच्याकडे पाणंद म्हणजे दोन शेतांच्या बांधांमधली, बैलगाडीपुरती, पावसात गुडघाभर चिखलाची वाट.

डेपोत शिरलो आणि हसू थांबलं. रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज पन्नास पावलांत मागं पडला. वर फांद्यांची गुंतवळ, खाली ओला पाचोळा, आणि त्यातून पायांनीच पडलेली एक चिंचोळी वाट. पुढून दोन म्हातारे बोलत येत होते, एक कानडीत, दुसरा मराठीत, आणि दोघांचं बरं चाललं होतं. दाजींनी दोघांना "नमस्कार, चहा झाला का?" विचारलं. एकानं "झाला", दुसऱ्यानं "आयतु" म्हणून मान हलवली. मोराची केका इथं पुष्कळदा ऐकू येते, असं दाजी म्हणाले. त्या दिवशी मोर काही बोलला नाही. त्याचीही मर्जी.

परतताना दाजींनी एक खेळ दाखवला. हातातली पाण्याची बाटली त्यांनी पाचोळ्यावर अर्धी उपडी केली. पाणी पानांवर क्षणभर चमकलं आणि दिसेनासं झालं. बोटानं पानं बाजूला केली तर खाली माती काळीभोर, ओली, भुसभुशीत. फाटकाबाहेर आल्यावर उरलेली अर्धी बाटली त्यांनी फूटपाथच्या पेव्हर ब्लॉकवर ओतली. पाणी घरंगळलं, फटीतली धूळ घेऊन गटारीला जाऊन मिळालं. दाजी निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांना धडा लांबवायची सवय आहे, पण त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "आता तूच सांग, आत काय घालायचं."

या लेखाचं कारण ती अर्धी बाटली आहे.

देवी गेली, राई राहिली

या जागेचं नाव व्हॅक्सिन डेपो का, हे आपल्या मुलांना सांगितलं पाहिजे. माझ्या आईच्या दंडावर पावलीएवढे दोन वण आहेत. "देवी काढल्या तेव्हाचे," असं ती सांगते. ज्या रोगाला आपले लोक भीतीनं देवीच म्हणत, घरात आली तर दाराला कडुनिंब बांधत आणि तिचा कोप नको म्हणून हळू आवाजात बोलत, त्या रोगावरची लस इथं तयार होत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मुंबई इलाख्याच्या गावोगावच्या लस टोचणाऱ्यांना बेळगावहून लस जायची.

ती लस आजच्यासारखी काचबंद कारखान्यात होत नसे. वासराच्या किंवा रेडकाच्या पोटाची कातडी भादरायची, स्वच्छ करून तिच्यावर बारीक ओरखडे काढायचे, त्यात लशीचं बीज पेरायचं. काही दिवसांत फोड धरले की ते खरवडून त्यातून लस काढायची. अशा कामाला गोठे लागतात, चारा लागतो, वस्तीपासून अंतर लागतं. उष्णतेनं नासणाऱ्या लशीला थंड हवाही लागते, आणि बेळगावच्या हवेबद्दल आपण आणखी काय सांगावं! पुढं देवीच्या निर्मूलनाची देशभर मोहीम झाली तेव्हा उन्हात टिकणारी कोरडी लस देशात मोजक्या ठिकाणी बनत होती. मद्रासचं गिंडी, हैदराबाद, नैनीतालजवळचं पटवाडांगर आणि आपलं बेळगाव. मे १९७५ मध्ये भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेनं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. माणसानं मुळासकट उपटून टाकलेला माणसांमधला हा एकमेव रोग, आणि त्या उपटण्याला बेळगावच्या या आवाराचा हात लागलेला आहे.

लशीचं काम संपलं. आवार मात्र सरकारी, कुंपणातलं, फारसं कोणी न फिरकणारं राहिलं, आणि झाडांनी त्या शांततेचा फायदा घेतला. सह्याद्रीत, आजरा-चंदगडपासून खानापूरपर्यंत, देवाच्या नावानं राखलेल्या राया आहेत. तिथलं वाळलेलं काटूकही घरी न्यायचं नाही, असा दंडक. देवाच्या धाकानं तिथं जे वाचलं, ते इथं देवीच्या लशीमुळं वाचलं. म्हणून मी या रानाला देवराईच म्हणतो, आणि देवराईला लावतो तेच नियम तिला लावा म्हणतो.

मोकळी जागा नावाचा रोग

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेची पहिली वीस शहरांची यादी आली. त्यात बेळगाव होतं. आनंद झाला. पुढं त्या योजनेतली कामं व्हॅक्सिन डेपोच्या आवारात शिरली तेव्हा झाडं तुटतात म्हणून टिळकवाडीच्या रहिवाशांनी आवाज उठवला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या दारात गेलं. या भांडणात कोण चूक आणि कोण बरोबर, याचा निवाडा मला करायचा नाही. मला खुपतो तो एक शब्द, जो शहराच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येतो. "ती मोकळी जागा."

मोकळी? शंभर वर्षांची मुळं, पाचोळ्याचे थर, वाळवी, गांडुळं, सुतार पक्ष्यांची भोकं, मुंगुसांची बिळं यांनी गच्च भरलेल्या जागेला मोकळी म्हणायचं, आणि बांधून भरली की तिला विकसित म्हणायचं. एकदा मोकळी म्हटलं की मग तिथं काहीही मावतं. एक सभागृह, एक पार्किंग, एक कारंजं, एक खाऊगल्ली. प्रत्येकाला दोनच एकर हवे असतात. शंभर एकरांतून दोन एकर पन्नास वेळा दिले की काय उरतं, हे दुसरीतलं पोरही सांगेल.

म्हणून कुंपण नको, वाट हवी

यावर काही झाडप्रेमी मित्र म्हणतात, कुलूप लावा, कोणालाच आत सोडू नका. मला ते पटत नाही. ज्या रानात कोणी जात नाही, त्या रानासाठी कोणी भांडायलाही येत नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीचं उदाहरण घ्या. बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या प्रस्तावाविरुद्ध १५ एप्रिल २०२३ रोजी हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. पर्यावरणावर भाषण ऐकून कोणी भर उन्हाळ्यात येत नाही. ती टेकडी त्यांच्या पायांना ओळखीची होती. रोज सकाळी तिथं चढणारी आजी, धापा टाकणारा आयटीवाला, खडकावर बसून डबा खाणारी शाळकरी पोरं, या सगळ्यांच्या पायवाटा होत्या म्हणून टेकडीला माणसं मिळाली.

व्हॅक्सिन डेपोलाही अशी माणसं हवीत. त्यासाठी नीट आखलेली, राखलेली, सगळ्यांना खुली पायवाट हवी. मात्र पायवाट म्हणजे पायवाटच. मागच्या दारानं आणलेला रस्ता नव्हे.

पायवाट कशी असते

आम्ही शेतकरी माणसं. पाणंद दुरुस्त करताना जे शिकलो तेच इथं सांगतो.

पाण्याला वाट दिली नाही तर पाणी वाटेचीच वाट लावतं. म्हणून रानातली वाट सरळ उताराला सोडायची नाही. उताराला आडवी, नागमोडी न्यायची. वाटेचा पृष्ठभाग बाहेरच्या, म्हणजे उताराच्या अंगाला किंचित कलता ठेवायचा, शंभर इंचांना पाच इंच पुरे. मग पाऊस वाटेवरून पसरून पलीकडे पाचोळ्यात जातो, वाटेतून ओढा होऊन धावत नाही. जिथं पाणी जमतं तिथं दगडांचा छोटा आडवा चर. बेळगावच्या पावसात हे केलं नाही तर पहिल्याच आषाढात वाट वाहून जाईल, आणि मग कोणीतरी म्हणेल, "बघा, माती टिकत नाही, काँक्रीट करा."

रुंदी चार फूट. दोघं बोलत जातील, समोरून तिसरा आला तर एकजण बाजूला होईल. त्याहून रुंद केली की दुचाकी शिरते, आणि दुचाकी शिरली की मागोमाग जीप येते. वर मुरूम आणि लाल माती, चोपलेली. पाचोळा झाडून जाळायचा नाही. तो वाटेच्या कडेला ओढायचा.

मुळांचं सगळ्यात जपायचं. झाडाची मुळं खोल पाताळात गेलेली असतात, असा आपला समज. खरं म्हणजे अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या सावलीपलीकडेही पसरतात. त्यांच्यावर जेसीबी फिरला की माती दाबली जाते, हवा कोंडते, आणि झाड दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं. तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं, दोष रोगाला जातो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश दिला होता, की बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. आपण मुळात घालायचंच कशाला? इथलं खोदकाम कुदळ-फावड्यानं होऊ द्या. रोजगारही गावातल्या माणसांना मिळेल.

मुंबईत मलबार हिलवर मार्च २०२५ मध्ये झाडांतून जाणारा उन्नत मार्ग खुला झाला. लांबी ४८५ मीटर, रुंदी २.४ मीटर, जमिनीपासून वर उचललेला. त्यातून शिकायची गोष्ट एकच. आधी ठरलं की झाड तोडायचं नाही, आणि मग वाट झाडांच्या सोयीनं वळली. बेळगावला असा खर्चिक पूल नको. जमीन चालण्याजोगी आहे. पण क्रम तोच हवा, आधी झाड, मग वाट.

आणि एक. वाट रानाच्या कडेकडेनं फिरवा. रानाचा गाभा माणसाविना राहू द्या. देवराईत गाभाऱ्यापाशी कोण हुंदडतं?

शंका आणि उत्तरं

म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यांना माती चालेल का? चोपलेली मुरमाची वाट काँक्रीटपेक्षा गुडघ्यांना मऊच लागते. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांसाठी फाटकाजवळचा एक छोटा, सपाट, घट्ट चोपलेला फेरा वेगळा ठेवा. त्यांचाही या रानावर तेवढाच हक्क.

झाडीत गैरधंदे चालतात, दिवे लावा? सूर्योदय ते सूर्यास्त वाट खुली ठेवा, दोन रखवालदार नेमा. रात्रभर दिव्यांचा झगमगाट ठेवलात तर घुबडं आणि वटवाघळं निघून जातील आणि दारूच्या बाटल्या उजेडात फुटतील, एवढाच फरक.

पालिकेला उत्पन्न कुठून? सगळ्याच गोष्टींना तिकीट लावायचं नसतं. शंभर एकरांचं रान मे महिन्यात टिळकवाडीवर किती अंश थंडावा धरतं आणि जुलैत किती पाणी जमिनीत मुरवतं, याचा हिशोब लावा आणि मग पालिकेनं रानाला किती भाडं द्यायचं ते ठरवा.

कोगनोळीनं का बोलावं

कोगनोळी कुठं आणि बेळगाव कुठं, इतक्या लांबच्या झाडांची काळजी तुम्हाला कशाला, असं कोणी विचारेल. कारण झाडं गेल्यावर काय होतं, ते आम्ही घरच्या उंबऱ्यातून पाहिलं आहे. माझ्या लहानपणी पुणे-बेंगळूर रस्ता दोन पदरी होता. दोन्ही अंगांना वड होते, पारंब्या ट्रकच्या टपाला घासायच्या. निपाणीच्या बाजाराला तंबाखू घेऊन चाललेल्या गाड्या दुपारी त्या सावलीत सुटायच्या, बैल रवंथ करायचे. चौपदरीकरण झालं. रस्ता छान झाला, खोटं का बोला. टोलनाका झाला, हॉटेलं झाली. आज दुपारी बाराला नाक्यावर उभं राहिलात तर सावली मिळते ती टोलच्या पत्र्याची. झाडं जाताना आम्ही कोणीही "एक रांग तरी ठेवा" असं लेखी दिलं नाही. दिलं असतं तर कदाचित काही झालं नसतं. पण दिलं नाही, याची सल आहे.

म्हणून ही वेळ चुकवायची नाही. आणि या कामात मराठी-कानडी असा वाद आणायचा नाही. सीमेच्या प्रश्नावर माझी मतं आहेत, ती मी सोडलेली नाहीत. पण जिला आपण चिंच म्हणतो तीच शेजाऱ्याची हुणसे, आपला जांभूळ त्यांचा नेरळे, आपला वड त्यांचा आल. पायवाटेवरच्या झाडांच्या पाट्या दोन्ही भाषांत लागल्या तर आपली पोरं चालता चालता दोन्ही नावं शिकतील. निवेदनं दोन्ही भाषांत गेली तर कार्यालयाला एक भाषा कळत नाही, असं सांगायची सोय उरणार नाही.

आता करायचं काय

हळहळून रान वाचत नाही. कामं वाटून घेऊया.

एक, झाडांची मोजणी. टिळकवाडीतल्या शाळा-कॉलेजांच्या शिक्षकांना विनंती, मुलांना घेऊन एकेका रविवारी आत जा. प्रत्येक झाडाची जात, घेर आणि जागा वहीत नोंदवा. ज्याची नोंद आहे ते झाड रातोरात गायब करणं अवघड जातं.

दोन, माहिती अधिकाराचा अर्ज. या आवारात कोणती कामं मंजूर आहेत, कोणती प्रस्तावित आहेत, किती झाडांना परवानगी मागितली, हे २००५ च्या कायद्याखाली विचारा. दहा रुपयांत होतं.

तीन, हरकत. कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि सार्वजनिक कामासाठी पन्नासहून जास्त झाडं जाणार असतील तर लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. ती नोटीस निघाली तर एक नव्हे, हजार हरकती जायला हव्यात. निपाणी, संकेश्वर, खानापूरहूनही पाठवा. हे आवार सरकारी आहे, म्हणजे आपल्या सगळ्यांचं.

चार, पायवाटेचा आराखडा आपणच द्या. नुसतं "नको" म्हणणाऱ्याला विकासविरोधी ठरवणं सोपं असतं. चार फूट रुंद, मातीची, कडेनं फिरणारी, शून्य झाडं तोडणारी वाट कागदावर काढून नगरसेवक, आमदार आणि पालकमंत्र्यांच्या हातात ठेवा. बेळगावात निवृत्त अभियंत्यांना तोटा नाही. सकाळी फिरायला तेच तर येतात.

पाच, चाला. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात महत्त्वाचं. गर्दी करू नका, गोंगाट करू नका, पण जा. मुलांना न्या, नातवंडांना न्या. फूल तोडू नका, काटूक उचलू नका, प्लास्टिक टाकू नका. देवराईत वागतो तसं वागा.

सीमाभागातल्या माणसाला व्हॅक्सिन डेपोचा पत्ता विचारावा लागत नाही. डिसेंबरात बंदोबस्त चुकवून, आडवाटेनं, पहाटे निघून आपण त्या मैदानावर पोचलेलो आहोत. आता एकदा बंदोबस्त नसताना जाऊया. मैदानावर न थांबता पुढं, झाडांत.

येताना पाण्याची एक बाटली आणा. अर्धी प्यायला, अर्धी ओतून बघायला.